उकिरड्यावरील गांडूळ आणि मत्स्यखाद्याचा प्रश्न

अमरकोशात गांडुळाची नावे आढळतात ती वारिवर्गात, मत्स्य, कूर्म व जलौका यांच्या शेजारी. ‘गण्डूपद’ हे त्यांपैकी एक. मराठी ‘गांडूळ’ त्याच्याच कुळातले. गळाला गांडूळ लावणाऱ्यास हे वर्गीकरण मुळीच विचित्र वाटणार नाही. तथापि गळावरील आमिष वेगळे आणि तळ्यात पोसलेल्या माशांचे नित्याचे खाद्य वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याचा शास्त्रीय प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाला, आणि तो का अडखळला हे पाहण्यासारखे आहे.

या प्रयत्नास निकड आली ती समुद्रावरून. पाळीव माशांना प्रथिने पुरविण्यासाठी लहान मासळीची भुकटी वापरली जाई व आजही जाते. तिचा सर्वांत मोठा पुरवठा पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा या मासळीतून होत असे. १९७० मध्ये तेथे एक कोटी वीस लाख टनांच्या आसपास मासळी पकडली गेली. १९७२-७३ च्या एल निन्योनंतर ही मासेमारी कोसळली आणि भुकटीचे भाव भडकले. माशांस पोसण्यासाठी मासेच मारावयाचे, या व्यवहारातील विसंगती तेव्हा सर्वांच्या ध्यानात आली.

पर्याय म्हणून गांडुळाचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. लॉरेन्स व मिलर यांनी १९४५ मध्येच ‘नेचर’ नियतकालिकात त्याच्या प्रथिनांची नोंद केली होती. कोरड्या गांडुळात साधारण साठ ते सत्तर टक्के प्रथिने असतात. शिवाय उष्टे-खरकटे, भाजीपाल्याचे देठ, शेण यांवर ते वाढते. मात्र येथे ‘गांडूळ’ हा एकच शब्द घोटाळा करतो. खरकट्यावर दाटीने राहून झपाट्याने वाढणारी जात आयसेनिया फेटिडा ही आहे. जमिनीत खोल बिळे करून राहणाऱ्या मोठ्या जाती सावकाश वाढतात व अशा ढिगात पोसणे कठीण असते.

टेकन, स्टॅफर्ड आणि रॉथॅमस्टेडचे एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्राउट माशांवरील प्रयोगात हा भेद निर्णायक ठरला. ॲलोलोबोफोरा लाँगा व लम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या भूमिवासी जाती गोठवून दिल्या असता माशांची वाढ उत्तम झाली. गोठवलेले आयसेनिया मात्र त्यांना रुचेना आणि वाढ खुंटली. तेच गांडूळ आधी उकळत्या पाण्यातून काढले, तेव्हा परिस्थिती सुधारली. दोष प्रथिनांत नव्हता. डिवचले असता हे गांडूळ जो पिवळा, उग्र वासाचा देहद्रव सोडते, त्यात तो असावा, असा निष्कर्ष स्वाभाविकच निघाला. लॅटिन ‘फेटिडा’ म्हणजे दुर्गंधी. सावीन्यी याने १८२६ मध्ये दिलेल्या या नावास माशांनी दीडशे वर्षांनी दुजोरा दिला म्हणावयाचे. पुढे १९९७ मध्ये याच द्रवातून लायसेनिन हे रक्तपेशी फोडणारे प्रथिन वेगळे करण्यात आले.

अर्थात उकळण्याने प्रश्न संपत नाही. गांडुळात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते वाळविण्यास इंधन लागते, आणि ढिगातून गांडुळे निवडून काढण्यास मजूर. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, गांडूळ ज्यावर वाढते त्यातील कॅडमियमसारखे धातू त्याच्या शरीरात साठतात. स्वयंपाकघरातील निवडलेले खरकटे आणि सांडपाण्याचा गाळ यांवर वाढलेली गांडुळे म्हणूनच एका मापाने मोजता येत नाहीत. आरंभीच्या उत्साही लेखनात हा विवेक पुष्कळदा सुटलेला दिसतो.

युरोपात या व्यवहारात अखेर कायदाच आडवा आला. गाईंच्या मेंदूरोगाच्या साथीनंतर २००१ मध्ये युरोपीय संघाने पाळीव पशूंच्या खाद्यात प्राणिज प्रथिने वापरण्यावर कडक निर्बंध घातले. मासळीच्या भुकटीला माशांच्या खाद्यात मुभा राहिली. २०१७ मध्ये सात जातींच्या कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात चालतील असे ठरले, पण त्या कीटकांनाही उपाहारगृहातील वा घरातील खरकटे घालण्यास मनाई आहे. २०२१ मध्ये यादीत रेशीमकिड्याची भर पडली. गांडूळ प्राणिशास्त्राप्रमाणे कीटक नव्हेच. त्यामुळे त्या यादीत त्याचा समावेश होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.