परदेशात ऑक्युपेशनल थेरपी शिकायचीय? पर्सनल स्टेटमेंटमध्ये नेमकं काय लिहायचं?

परळचं केईएम असो, सायन असो की नायर. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला प्रवेश मिळतो तो 'नीट'च्या गुणांवर आणि सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून. 'तुम्हाला हाच कोर्स का करायचाय?' असं कुणी विचारत नाही. ब्रिटन किंवा अमेरिकेचा अर्ज उघडला की मात्र हाच प्रश्न समोर येतो आणि चांगले मार्क मिळवणारी मुलंही अडतात. स्वतःबद्दल लिहायची सवयच नसते.

हे स्टेटमेंट कसं लिहायचं, समजून घेऊया.

आधी ओटी म्हणजे काय, हे पक्कं करा

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. या शब्दामुळे अनेकांना वाटतं की हे नोकरी-धंद्याशी संबंधित काहीतरी असावं. इथे 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं: आंघोळ, स्वयंपाक, शाळेत वही लिहिणं, बसमध्ये चढणं, कामावर जाणं. आजारपण, अपघात किंवा अपंगत्वामुळे यातलं जे अडतं, ते पुन्हा करता यावं यासाठी ओटी काम करतात.

या विषयात मुंबईचं नाव जुनं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथे आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्ये भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा भारत संस्थापक देशांपैकी एक होता.

किती लिहायचं असतं?

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज 'युकास'मार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशांपासून एका लांबलचक निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का निवडला, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर्स, प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टर्सचं. मोकळ्या जागाही मोजल्या जातात.

अमेरिकेत थेरपिस्ट होण्याचं शिक्षण पदवीनंतर, मास्टर्स किंवा डॉक्टरेटपासून सुरू होतं. बरीच विद्यापीठं 'ओटीकॅस' या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात. तिथे मर्यादा ७,५०० कॅरेक्टर्स. ओटी का निवडलं आणि पुढे काय करायचंय, हे दोन्ही सांगावं लागतं.

'सेवेची आवड' का पुरत नाही?

'मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची आवड आहे' हे वाक्य नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट कुणीही लिहू शकतं. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. तुमच्या स्टेटमेंटमध्ये जिथे 'ऑक्युपेशनल थेरपी' आहे तिथे 'फिजिओथेरपी' घालून वाचा. तरीही सगळं जुळत असेल, तर ते पुन्हा लिहा.

मग वेगळं काय लिहायचं? समजा, अर्ज करणारी मुलगी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली आहे. अर्धांगवायूनंतर आजी व्यायामाने चालायला लागली, पण मजल्यावरच्या सामायिक संडासापर्यंत एकटी जायला तयार होईना. पॅसेज ओला, धरायला काही नाही आणि रांगेत उभं राहायची भीती. घरच्यांनी तिची वेळ बदलली, वाटेत टेकायला स्टूल ठेवलं, हळूहळू ती जाऊ लागली.

पाय चालायला लागणं आणि रोजचा दिवस स्वतःच्या हिमतीवर काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला इथे कळलं. स्टेटमेंटचा गाभा हाच.

तिला पुढेही विचार करता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. संडास घरात आला. पण दार उघडं ठेवून शेजाऱ्यांशी दिवसभर बोलणाऱ्या आजीचा दिवस आता कसा जाईल? जागा बदलली की माणसाचं जगणं कसं बदलतं, हा ओटीचाच प्रश्न आहे.

एक लक्षात ठेवा: वाचणाऱ्याला 'चाळ' म्हणजे काय हे माहीत नसेल. अर्ध्या वाक्यात समजावून सांगा. आणि आजीचं दुःख सांगण्यात सगळी जागा घालवू नका. प्रसंगाला चार-पाच वाक्यं, उरलेलं त्यातून तुम्ही काय शिकलात यासाठी.

घरात असा अनुभव नसेल तर?

तो असायलाच हवा असं नाही. अमेरिकेतले अनेक कोर्स ओटीचं काम प्रत्यक्ष पाहिल्याचे तास मागतात; ब्रिटनमध्येही असा अनुभव उपयोगी पडतो. वरळीपासून जवळच, हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पालिका रुग्णालयांतही ओटी विभाग आहेत. विभागप्रमुखांना लेखी विनंती करा. परवानगी मिळेलच असं नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.

पाहिलेलं त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, किती तास, थेरपिस्टने काय केलं आणि का. पेशंटचं नाव, पत्ता, फोटो वहीतही नको आणि स्टेटमेंटमध्ये तर मुळीच नको. 'एक मध्यमवयीन मासेविक्रेती' एवढं पुरे. गोपनीयता पाळता येते का, हेही वाचणारे पाहत असतात.

बीओटीएच आधीच झालंय?

मग 'ओटी का?' यावर जागा घालवू नका. कोणत्या पेशंटसोबत काम केलं, कुठे ज्ञान कमी पडलं आणि या कोर्समधला कोणता भाग ती उणीव भरून काढेल, ते लिहा. परदेशी पदवी आणि तिथे काम करण्याचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये एचसीपीसीची नोंदणी लागते, अमेरिकेत एनबीसीओटीची परीक्षा आणि राज्याचा परवाना. कोर्स निवडण्याआधी हे तपासा. फीचे लाखो रुपये भरल्यावर कळून उपयोग नाही.

एजंट किंवा एआयकडून लिहून घेतलं तर?

युकास प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या अर्जांशी ताडून पाहतं आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवतं. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही फसवणूक ठरू शकते, असंही त्यांनी स्पष्ट केलंय. व्याकरण कुणाकडून तपासून घ्यायला हरकत नाही.

इंग्रजीत सुचत नसेल, तर पहिला मसुदा सरळ मराठीत लिहा. आधी काय म्हणायचंय ते ठरू दे, इंग्रजी नंतर करता येतं.