शालेय बँडचे वर्ष : जूनच्या पहिल्या सुरापासून महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनापर्यंत

शाळेच्या मालकीची वाद्ये, शाळेचेच वादक आणि शाळेच्या कवायतीला व समारंभांना साथ देण्याचे काम, एवढे जेथे आहे त्यास शालेय बँड म्हणावे. आपल्याकडे त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला ब्रास बँड. यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही पितळी वाद्ये असतात आणि त्यांच्या जोडीला क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ड्रम व झांजा. दुसरा पाइप बँड, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम यांचा ताफा. हा स्कॉटिश पलटणींकडून भारतीय सैन्यात व तेथून शाळांत आला.

पालकांना बँड दिसतो तो स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी. वर्षातील उरलेले दिवस ही मुले काय करतात, याची माहिती फार थोड्यांना असते. म्हणून बँडचे वर्ष कसे सरते, याची महिनावार नोंद आम्ही येथे देत आहोत. ती देण्यास आणखी एक कारण आहे. बँड एखाद्या शाळेत पन्नास वर्षे वाजत असला, तरी एका वर्षाच्या हयगयीने तो बंद पडू शकतो. हे कसे घडते, तेही वाचकांनी जाणून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

पूर्वपीठिका

लोकांना एकत्र बोलावण्यासाठी वाद्य वाजविण्याची प्रथा पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. गणना या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला चांदीचे दोन कर्णे घडविण्यास सांगतो. मंडळीला जमविणे, तळ हलविण्याचा इशारा देणे आणि सणांच्या दिवशी आनंद व्यक्त करणे, ही त्या कर्ण्यांची कामे होती. आजचा शालेय बँड जवळजवळ हीच कामे करतो.

ख्रिस्तसभेच्या शैक्षणिक कार्यात बँडला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांचे नाव अग्रभागी येते. तुरीन शहरातील वाल्दोक्को येथे त्यांनी गरीब व निराधार मुलांसाठी जे कार्य उभारले, त्यात संगीतवर्ग आणि मुलांचा बँड यांचा समावेश होता. संगीत हा फावल्या वेळचा छंद नसून शिक्षणाचे अंग आहे, अशी त्यांची धारणा होती. सालेशियन धर्मगुरू १९०६ साली भारतात आले, तेव्हा ही परंपरा त्यांच्यासोबत आली.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र पाश्चात्त्य संगीताचा पाया त्याआधीच घातला गेला होता. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत ‘मेस्त्र’ मुलांना स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकवीत. तेथे तयार झालेले वादक पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी व पोलीस बँडांत, संस्थानिकांच्या पदरी आणि नंतर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावारूपास आले. ‘सारे जहाँ से अच्छा’ या गीताची सैन्यात वाजविली जाणारी संचलनाची चाल प्रा. ए. लोबो यांच्या नावावर आहे.

जून-जुलै : निवड आणि पाया

शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि बँडमास्तरांचे पहिले काम सुरू होते, ते रिकाम्या जागा भरण्याचे. दहावीची मुले शाळा सोडून गेलेली असतात. नववीची मुले आता दहावीत गेल्याने त्यांचे लक्ष परीक्षेकडे वळते. म्हणून सातवी-आठवीतून नवी मुले घ्यावी लागतात.

पहिले काही आठवडे त्यांना गाणे वाजविण्यास मिळतच नाही. एकच सूर लांबवून धरणे, श्वास पोटातून घेणे, ओठांचे स्नायू बळकट करणे, हाच अभ्यास असतो. पितळी वाद्यात सूर ओठांच्या कंपनातून उमटतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा दोन तास वाजविण्यापेक्षा रोज वीस मिनिटे वाजविणे अधिक लाभाचे ठरते. ड्रमचे विद्यार्थी तेवढ्यात लाकडी फळीवर काठ्यांचा सराव करतात.

पावसाळा वाद्यांनाही जाचतो. चामड्याचे ड्रम दमट हवेत सैल पडतात, धातूवर डाग चढतात, ट्रम्पेटच्या कळा अडकतात. वादनानंतर नळीतील पाणी काढून टाकणे, कळांना तेल देणे आणि वाद्य पुसून पेटीत ठेवणे, ही सवय याच महिन्यांत लावावी लागते.

ऑगस्ट-सप्टेंबर : ध्वज आणि सण

वर्षाचे पहिले जाहीर वादन १५ ऑगस्टला होते. राष्ट्रगीत कसे वाजवावे, याविषयी शासनाचे नियम आहेत. संपूर्ण राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागतात. बँडवर ते वाजवायचे असल्यास आधी ड्रमचा घोष होतो. संथ संचलनाच्या सात पावलांइतका तो चालतो. हळू सुरू होतो, चढत जातो आणि पुन्हा मंद होतो. मग एका ठोक्याची विश्रांती आणि त्यानंतर राष्ट्रगीत. नवख्या मुलाला हा एक ठोका गप्प राहणेच सर्वांत कठीण जाते!

हाच दिवस पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे. त्यामुळे कॅथलिक शाळेतील बँडला पुष्कळदा शाळेचे मैदान आणि देऊळ अशा दोन्ही ठिकाणी हजेरी द्यावी लागते. ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मोत्सव येतो, तेव्हा तयारी पुन्हा कसाला लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : मिरवणूक आणि स्पर्धेची तयारी

सहामाही परीक्षा व दिवाळीची सुट्टी यांतून उरलेल्या वेळात दोन कामे करायची असतात.

पहिले काम ख्रिस्तराजाच्या सणाच्या मिरवणुकीचे. चालता चालता वाजविणे ही स्वतंत्र विद्या आहे. जलद संचलनाची गती मिनिटाला साधारण १२० पावले असते, तर पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत ती बरीच संथ ठेवावी लागते. शिवाय ध्वनीला प्रवासास वेळ लागतो. बँडची रांग वीस मीटर लांब असेल, तर पुढच्या ड्रमचा ठोका शेवटच्या मुलास सेकंदाच्या सुमारे सतराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबून वाजवू लागला की मागे पडतो. म्हणून प्रत्येकाने अग्रभागी चालणाऱ्या ड्रम मेजरच्या दंडाकडे पाहावे आणि पाऊल व सूर एकत्र टाकावेत, असे शिकविले जाते.

या मिरवणुकीत काय वाजवावे, याला ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन आहे. संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयीचे आपले फर्मान काढले. त्यात देवळाच्या आत बँड वाजविण्यास त्यांनी मनाई केली. बाहेरील मिरवणुकीत मात्र, ऐहिक चाली वाजविणार नाही या अटीवर, बिशप परवानगी देऊ शकत होते. भाविकांच्या गायनास साथ करणे हे बँडचे तेथील काम असावे, अशीही अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये इतर वाद्यांना उपासनेत अधिक वाव दिला. तथापि ती पवित्र कार्यास साजेशी असावीत, ही अट कायम ठेवली. सणाच्या मिरवणुकीत चित्रपटगीतांच्या चाली ऐकू आल्या, तर दोष मुलांना देऊ नये. त्यांच्या हाती भक्तिगीतांची स्वरलिपी कोणी दिली होती का, हे आधी विचारावे.

दुसरे काम स्पर्धेचे. संरक्षण मंत्रालय व शिक्षण मंत्रालय यांच्या वतीने प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेण्यात येते. राज्य, विभाग आणि राष्ट्र अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाइप बँड व मुलींचा पाइप बँड असे चार गट असतात. २०२५ ची अंतिम फेरी २४ व २५ जानेवारी रोजी नवी दिल्ली येथील मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर झाली. पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या विभागांतून आलेले १६ संघ तीत उतरले होते. प्रत्येक गटातील पहिल्या तिघांसाठी २१,०००, १६,००० व ११,००० रुपयांची पारितोषिके होती. मुलींसाठी स्वतंत्र गट असणे, ही या स्पर्धेची मोठी देणगी होय. बँड म्हणजे मुलांचे काम, हा जुना समज त्यामुळे मागे पडत आहे.

डिसेंबर-जानेवारी : वर्षाचा मध्यान्ह

वार्षिक क्रीडामहोत्सव, नाताळची गाणी, २६ जानेवारीचे संचलन आणि ३१ जानेवारीचा संत जॉन बॉस्को यांचा सण, असे कार्यक्रम या दोन महिन्यांत एकामागून एक येतात. थंड पहाटे फुंकवाद्यांचा सूर उतरतो आणि ऊन चढले की तोही चढतो. म्हणून ध्वजवंदनापूर्वी वाद्ये काही मिनिटे फुंकून कोमट करून घेतात व मगच सूर जुळवितात.

फेब्रुवारी-मे : शांतता आणि वारसा

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते. उपवासकाळात उपासनेतही वाद्यांना मर्यादा असते. काही सण-सोहळे आणि या काळाचा चौथा रविवार वगळता ती केवळ गायनाला आधार देण्यापुरती वापरली जातात. पास्काच्या जागरणविधीत गौरवगीताबरोबर ती पुन्हा मोकळी होतात. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, वर्षातील शेवटचे ध्वजवंदन होते. फेब्रुवारी २०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत असल्याने तेही आता शालेय बँडने बसवावे लागते.

बाहेरून शांत दिसणारे हे महिनेच बँडचे भवितव्य ठरवितात. जाणाऱ्या ट्रम्पेटवादकाने आपल्या जागी येणाऱ्या आठवीच्या मुलाला शेजारी बसवून शिकविले असेल, तर जूनमध्ये बँड उभा राहतो. तसे झाले नाही आणि त्याच सुमारास बँडमास्तर निवृत्त झाले, तर वाद्ये कपाटात जातात. दोन पावसाळे तेथे काढल्यावर ती दुरुस्त करणेही परवडत नाही, आणि मग ‘पूर्वी आमच्या शाळेत बँड होता’ एवढेच सांगण्यास उरते.

आमचे निवेदन

चषक मिळविणे गौरवाचे आहेच. परंतु राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले पारितोषिकदेखील मोठ्या पितळी वाद्याच्या किमतीस बहुधा पुरणार नाही. केवळ बक्षिसासाठी बँड ठेवायचा, तर निवडक वीस-पंचवीस मुलेच वर्षानुवर्षे वाजवीत राहतील आणि नवख्यांना कोणी हाती धरणार नाही.

पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाच्या घरी ते वाद्य असावे लागते. बँडमध्ये वाद्य शाळेचे असते. भाड्याच्या एका खोलीत राहणारी मुलगीही तेथे क्लॅरिनेट शिकू शकते. संत जॉन बॉस्को यांनी बँड उभारला तो अशाच मुलांसाठी. म्हणून मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात रोजची वीस मिनिटे राखावीत, बँडमास्तरांच्या निवृत्तीपूर्वी त्यांच्या हाताखाली दुसरी व्यक्ती तयार करावी आणि धर्मग्रामाने वाद्यदुरुस्तीचा थोडा भार उचलावा, अशी आमची विनंती आहे. माजी वादकांनीही शनिवारी तासभर शाळेत डोकावावे.

कर्ण्याचा नाद अस्पष्ट निघाला तर युद्धास कोण सज्ज होईल, असे संत पौल करिंथकरांना विचारतो. येत्या जूनमध्ये आपापल्या शाळेत हा नाद स्पष्ट निघावा, यासाठीची तयारी आजपासूनच व्हावी, ही प्रार्थना.