गेलेल्यांचें स्मरण आणि राहिलेल्यांचा संसार

मृताचें स्मरण करावें ही बुद्धि मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या मागें राहिलेल्यांची वास्तपुस्त घ्यावी, ही बुद्धि मात्र समाजास प्रयत्नानें जोडावी लागते. आमच्या इतिहासांत या दोहोंचाही मागोवा घेतां येतो.

पहिलीची साक्ष गांवोगांवचे वीरगळ देतात. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यामधील तेराव्या शतकांतील युद्धाशीं अभ्यासक तिचा संबंध जोडतात. वीरगळाच्या खालच्या पट्टींत युद्ध, त्यावर अप्सरांनीं स्वर्गीं नेलेला वीर, आणि शेवटीं शिवलिंगाचें पूजन, एवढी कथा बहुधा दगड सांगतो. वीराच्या घरची चूल दुसऱ्या दिवशीं कशानें पेटली, हें तो सांगत नाहीं.

तें सभासदाच्या बखरींत सांपडतें. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफजलखानाच्या फौजेचा मोड झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं काय केलें, हें कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ च्या सुमारास लिहून ठेविलें. लढाईंत पडलेल्यांच्या मुलांचें त्यांनीं चालविलें. जेथें पुत्र नव्हता तेथें पत्नीस निम्मा पगार लावून दिला. जखमींस जखमेच्या मानानें पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत दिले. घटनेनंतर सुमारें अडतीस वर्षांनीं लिहिलेल्या बखरीचा प्रत्येक आंकडा दप्तरी पुराव्याइतका पक्का मानूं नये, हें खरें. तथापि विजयाच्या वर्णनांत ग्रंथकारास या गोष्टीस जागा द्यावीशी वाटली, हेंच आम्हांस महत्त्वाचें वाटतें. पुढें पेशवाईच्या कागदपत्रांत हीच रीत ‘बालपरवेशी’ या नांवानें आढळते. कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या निर्वाहाची सरकारांतून होणारी तरतूद, असा तिचा अर्थ.

परंतु मनुष्य गेला हें निश्चित कळल्यावांचून अशी तरतूद कोणाच्या नांवें करावयाची? १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर हाच पाया खचला. कित्येक घरांस आपला माणूस पडला, पकडला गेला, कीं रानोमाळ भटकतो आहे, हेंच कळेना. भाऊसाहेबांचें प्रेत ओळखून त्यास अग्नि दिल्याचें काशीराज सांगतो; तरी पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. भाऊ म्हणवून घेणारा तोतया उठला, लोक त्याच्या मागें गेले, आणि १७७६ सालीं त्यास देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या. पेशव्यांच्या घरच्या या स्त्रीस अन्नवस्त्राची वाण नव्हती. मनाची खात्री पटेल अशी वार्ताच काय ती तिला कोणी देऊं शकलें नाहीं.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, दुःखी घराचें समाजाकडे दुहेरी येणें असतें: आधीं खरी वार्ता, आणि मग संसार चालविण्यास हात. दगड त्यानंतरचा. आज आपण शोकसभा भरवितों, तसबिरीस हार घालतों, दुखवट्याचा ठराव करितों. तें सर्व अवश्य असावें. मात्र ठरावाची नक्कल त्या घरीं पोंचवितांना तेथील मुलांची फी येत्या सहामाहीस कोण भरणार, एवढें विचारून यावें. सभासदानें सांगितलेल्या ‘चालविण्या’चा अर्थ तोच आहे.