फाइल न उघडताच दिलेला निकाल

सैन्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "देशाच्या सुरक्षेचं आहे, विचारू नये." आपल्या भागातली कितीतरी पोरं फौजेत आहेत, आदर मलाही आहेच. पण विचारायचंच नाही म्हटलं की काय होतं, त्याची अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो.

6 ऑक्टोबर 1948. जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ हवाई दलाचं बी-29 बॉम्बर कोसळलं. इंजिनाला आग लागली होती. आत 13 जण, 9 गेले. त्यात तीन नागरी इंजिनिअर होते, गुप्त इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणीसाठी गेलेले. तिघांच्या विधवांनी सरकारवर दावा लावला आणि चौकशी अहवाल मागितला.

हवाई दल म्हणालं, राष्ट्रीय सुरक्षा, देता येणार नाही. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे, बायकांना नका देऊ. मला एकट्याला चेंबरमध्ये दाखवा, त्यात खरंच गुपित आहे का ते मी बघतो. सरकारनं तेही नाकारलं! मग कोर्टानं विधवांच्या बाजूनं 2,25,000 डॉलरचा निकाल दिला. अपील कोर्टातही तो टिकला. पण 9 मार्च 1953 ला सुप्रीम कोर्टानं 6 विरुद्ध 3 मतांनी तो फिरवला. कोरियात युद्ध चालू होतं, रशियाची धास्ती होती. धोका वाजवी वाटत असेल तर न्यायाधीशानंसुद्धा एकांतात कागद बघायचा हट्ट धरू नये, असा त्याचा अर्थ. म्हणजे नऊ न्यायमूर्तींपैकी एकानंही तो अहवाल पाहिला नाही. शेवटी विधवांनी 1,70,000 डॉलरवर तडजोड केली.

पुढे 'रेनॉल्ड्स' हा निकाल तिथल्या प्रत्येक सरकारच्या हातातलं हत्यार झाला. सीआयएनं भलत्याच माणसाला उचलून छळल्याचा दावासुद्धा पुढे याच आधारावर फेटाळला गेला.

आता गंमत बघा. मेलेल्या एका इंजिनिअरची मुलगी, ज्युडी लोथर, अपघात झाला तेव्हा सात आठवड्यांची होती. 2000 साली तिला इंटरनेटवर तोच अहवाल विकत मिळाला. मधल्या काळात त्यावरचा गुप्ततेचा शिक्का निघाला होता. ते गुप्त उपकरण कसं चालतं, याबद्दल त्यात काही नव्हतं. होतं ते हे, की इंजिनाजवळ उष्णतारोधक पत्रे बसवायचा आदेश पाळलेलाच नव्हता आणि विमान उड्डाणाला सुरक्षित नव्हतं.

वारस पुन्हा कोर्टात गेले. 2005 मध्ये अपील कोर्टानं फसवणूक सिद्ध होत नाही म्हणून हात वर केले. बी-29 ची साधी माहितीही त्या काळी शत्रूच्या कामाची ठरली असती, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मग न्यायाधीशानं एकट्यानं वाचलं असतं तर कोणता शत्रू शिरला असता?

आपल्याकडे काय? डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचा अहवाल आला. 2017 ते 2022 मध्ये हवाई दलाचे 34 अपघात, त्यातल्या 19 पुढे कारण 'मानवी चूक (वैमानिक)'. जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टरही त्यातच. तक्त्यातला एक रकाना, बस्स. वैमानिक गेलेला असतो, तो उलट बोलायला येत नाही. 2001 मध्ये सुरतगडला मिग-21 च्या अपघातात गेलेल्या फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या आईला, कविता गाडगीळ यांना, मुलावरच्या ठपक्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

आपला माहिती अधिकार कायदा कागदावर तरी अमेरिकेच्या त्या निकालापेक्षा बरा आहे. कलम 8(1)(क) सुरक्षेचं कारण देतं, आणि 20 वर्षं झाली तरी ते कारण संपत नाही, हे खरं. पण 8(2) म्हणतं, जनहित मोठं असेल तर गोपनीयता कायदा असला तरी माहिती देता येते. कलम 10 म्हणतं, गुप्त भाग झाकून बाकीचा द्या. रडारची वारंवारता झाका हो, पण देखभाल कोणी चुकवली ते झाकायचं कारण काय? आणि 18(4) नुसार तक्रारीची चौकशी करताना माहिती आयोग कोणतीही फाइल स्वतः उघडून बघू शकतो, त्याला कुठल्याही कारणानं नाही म्हणता येत नाही.

अर्ज 10 रुपयांत होतो. नकार आला तर तक्रारीत 18(4) चा उल्लेख करून 'आयोगाने मूळ फाइल स्वतः पाहावी' हे वाक्य जरूर लिहा.