हूल, नगारा आणि पेंढारी : वऱ्हाडातल्या धोक्याच्या आवाजाचा इतिहास

२०१६ साली आलेल्या ‘डेड बाय डेलाइट’ या खेळात एका मारेकऱ्यासमोर चार पळणारे असतात. मारेकरी जवळ आला की पळणाऱ्याच्या कानांत हृदयाचे ठोके वाजू लागतात. बहुतेक मारेकऱ्यांच्या बाबतीत हे अंतर ३२ मीटर धरलेले आहे. काहींना मात्र हे ठोके काही काळ बंद ठेवण्याची मुभा असते, आणि खेळाडूंचे कडाक्याचे वाद बहुधा त्यांच्यावरूनच होतात. इशारा फार लवकर मिळाला तर शिकारी रिकाम्या हाताने परततो. तो मिळालाच नाही, तर सावजाच्या हाती काही उरत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी अमरावती आणि अकोल्याच्या पट्ट्यातील गावे याच प्रश्नासमोर उभी होती. फरक इतकाच की तिथले अंतर कोणी आखून दिलेले नव्हते.

त्या काळचा शिकारी म्हणजे पेंढारी. शिंदेशाही आणि होळकरशाही अशा दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या टोळ्यांचे तळ नर्मदेच्या खोऱ्यात होते. पावसाळा सरून नद्यांना उतार पडला की दसऱ्यानंतर स्वारी निघे. दोन-तीन हजार घोडी एका वेळी. सर जॉन माल्कम आणि त्याच्या समकालीनांनी या स्वाऱ्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात शौर्यापेक्षा हलकेपणावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. हजारांत चारशेच्या आसपास माणसे चांगल्या घोड्यांवर, हातांत लांब भाले. बंदूक पंधरा जणांत एकाकडे. बाकीचे तट्टांवर. तंबू नाहीत, सामानाचे उंट-बैल नाहीत. स्वतःपुरत्या भाकरी आणि घोड्यापुरते दाणे. दिवसाला चाळीस-पन्नास मैल, म्हणजे पासष्ट ते ऐंशी किलोमीटर. मुक्कामाचा मुलूख येईपर्यंत डावी-उजवीकडे वळायचे नाही, आणि तो आला की लहान लहान तुकड्यांनी पसरायचे.

त्यांचे लपणे असे होते. हजारो घोड्यांच्या टापा काही दबक्या पावलांनी पडत नाहीत. पण पायी जाणारा जासूद जी बातमी घेऊन निघे, तिच्यापेक्षा ती बातमी ज्यांची होती ते लोक आधी पोहोचत. बातमीच्या पुढे धावणे हीच त्यांची निःशब्दता. तिला मागे टाकू शकेल अशी एकच गोष्ट गावाकडे होती, ती म्हणजे आवाज.

हिशेब मांडून पाहावा. शेजारचे गाव एक कोसावर, सुमारे तीन किलोमीटर. तिथे नगारा वाजला, तर तो आवाज इकडे पोहोचायला नऊ-दहा सेकंद लागतात. दौडत येणाऱ्या घोड्याला तेच अंतर काटायला दहा-पंधरा मिनिटे. म्हणजे वाऱ्याची दिशा अनुकूल असेल, ऐकणारा जागा असेल आणि शेजाऱ्याला नगारा वाजवण्याइतकी सवड मिळाली असेल, तर गावाच्या हाती पाव तास. एवढ्यात म्हातारी माणसे आणि मुले गढीत नेता येतात, वेशीचा दरवाजा लावता येतो. रानात चरणारी गुरे परत आणता येत नाहीत. दसऱ्यानंतर बोंडे फुटलेला कापूस आणि दाणे भरत आलेली ज्वारी तर जागची हलूच शकत नाही.

वऱ्हाडात गावोगाव आढळणाऱ्या पांढऱ्या मातीच्या गढ्या या पाव तासाच्या भरवशावर उभ्या होत्या. आज त्यांचे नुसते ढिगारे उरले आहेत आणि लोक त्यांना कुठल्यातरी देशमुखाच्या वैभवाची खूण मानतात. वैभव होतेच. पण उंचवट्यावरचा बुरूज हा आधी डोळे आणि कान होता, आणि मग भिंत.

ऐकण्याचे काम जागल्याचे. वऱ्हाडात गावच्या पहारेकऱ्याला हेच नाव होते. रात्री फिरणे, परका माणूस हेरणे, चोरी झाली तर पावलांचा माग काढून तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. माग ज्या शिवेत शिरला त्या गावाने पुढची जबाबदारी घ्यायची, अशी ही जुनी साखळी होती, आणि एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या दख्खनवरील अहवालात तिचे वर्णन सापडते. वेशीवरची राखण अनेक गावांत महारांकडे असे. ज्यांच्या कानांवर सारे गाव निर्धास्त झोपत असे, त्यांची घरे वेशीच्या बाहेर होती. पेंढारी आले तर प्रथम त्यांच्याच दारात. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही बाब सहसा एका ओळीत उरकली जाते.

खेळातले ठोके सहसा खोटे बोलत नाहीत. जागल्या चुकू शकत होता. मराठीत अशा चुकीच्या बोभाट्यासाठी एक नेमका शब्द आहे : हूल. हूल उठली की वेचणी टाकून माणसे गढीकडे धावत, दिवसाची मजुरी बुडे, आणि दोन-तीनदा असे झाले की चौथ्या वेळी कोणी जागचे हलत नसे. धूळ दिसली म्हणून नगारा वाजवावा, तर ती लमाणांच्या बैलांच्या तांड्याचीही असू शकते. खात्री होईपर्यंत थांबावे, तर पाव तासातली दहा मिनिटे गेलेली. हा निर्णय एकट्या माणसाला करावा लागत होता.

वरून बघण्याची सोय नव्हती असेही नाही. सातपुड्याच्या कडेवर गाविलगड आणि नरनाळा हे दोन बुलंद किल्ले उभे आहेत. आर्थर वेलस्लीच्या फौजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला आणि तो निजामाला मिळाला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या पायथ्याचे काही परगणे मात्र भोसल्यांकडेच राहिले. कागदावर ही वाटणी नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात डोंगरावरचे डोळे एका धन्याचे आणि मैदानातली गावे दुसऱ्याची झाली. उत्तरेकडून तापी ओलांडून येणारी धाड प्रथम ज्यांना दिसायची, त्यांच्यावर खालच्या गावांना सावध करण्याचे कोणतेही बंधन नव्हते. पेंढाऱ्यांना आयता मिळालेला याहून मोठा आडोसा क्वचितच सापडेल.

श्रीमंतांनी वेगळा मार्ग धरला. अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये शहराभोवती परकोट बांधायला घेतला : सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. एवढी भिंत असली की जागल्याच्या कानांवर कमी विसंबावे लागते. त्यांपैकी एका खिडकीला खुनारी हे नाव पडले, कारण १८१८ मध्ये तिच्याजवळ झालेल्या संघर्षात सुमारे ७०० माणसे मारली गेली. परकोटाला बाहेरचा शत्रू तेवढा कळतो.

ज्यांना परकोट नव्हता त्यांनी ऐवज लपवला. धान्य जमिनीखालच्या पेवांत, नाणी चुलीखाली किंवा भिंतीत. सावजानेही लपायला शिकावे, हे स्वाभाविकच. पण त्याचा परिणाम भयंकर झाला. मार्च १८१६ मध्ये पेंढाऱ्यांनी आंध्र किनाऱ्यावरील गुंटूरचा मुलूख लुटला, तेव्हा कंपनी सरकारने पुढे रीतसर चौकशी केली, म्हणून त्या एका स्वारीचे आकडे उपलब्ध आहेत : साडेअकरा दिवसांत ३३९ गावे, १८२ ठार, ५०५ जखमी आणि छळ झालेली माणसे ३,६०३. कंपनीला युद्धाचे निमित्त हवे होते, तेव्हा हे आकडे जपून वाचावेत हे खरेच. तरी त्यांतले प्रमाण बोलके आहे. एका मृतामागे जवळपास वीस छळलेले. पेंढाऱ्यांना प्रेते नको होती, जागा हव्या होत्या : कुठे पुरले, कोणत्या भिंतीत ठेवले. गरम राखेने भरलेला घोड्याचा तोबरा तोंडाला बांधण्याची त्यांची कुप्रसिद्ध रीत ही माहिती काढण्याची रीत होती. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते त्याच्यापाशीही सांगण्यासारखे काही नसे, आणि ते त्याला पटवून देता येत नसे.

वऱ्हाडात असा मोजदाद करणारा आयोग बसला नाही.

दोन्ही बाजूंची बरोबरी साधलेली इशाऱ्याची व्यवस्था पाहायची, तर गाविलगडाच्या मागे मेळघाटात जावे लागते. झाडावरच्या वानराला वाघ लांबून दिसतो. खाली चरणाऱ्या चितळाचे नाक आणि कान तीक्ष्ण. एकाने खोकल्यासारखा आवाज दिला की दुसरा सावध होतो, आणि आपण दिसलो हे कळल्यावर वाघही बहुधा नाद सोडून वाट बदलतो. इथे इशारा सावजाला असतो तसा शिकाऱ्यालाही. तरीही वाघ उपाशी मरत नाही, कारण दहा वेळा फसून एखाद्या वेळी साधले तरी त्याचे भागते. पेंढाऱ्यांचे तसे नव्हते. त्यांची एक स्वारी रिकामी गेली तर पुढच्या वर्षी टोळीच उरत नसे.

१८१७ च्या अखेरीस लॉर्ड हेस्टिंग्जने उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून एकाच वेळी फौजा सोडल्या, तेव्हा बातमीच्या पुढे धावायला जागाच उरली नाही. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला आणि त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. सर्वांत मोठा सरदार चितू मात्र शरण आला नाही. सातपुड्याच्या रानात तो पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांच्या सोबतीने काही काळ हुलकावण्या देत राहिला. पाठलाग चुकवत दोघे असीरगडाशी पोहोचले. किल्लेदार जसवंतराव लाडाने आप्पासाहेबांना आत घेतले, चितूला घेतले नाही.

फेब्रुवारी १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात एक घोडा चरताना सापडला. पाठीवर खोगीर तसेच होते. खोगिरात अडीचशे रुपयांची थैली, काही मुद्रेच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची पत्रे. शोध घेता थोड्या अंतरावर रक्ताने माखलेले कपडे मिळाले आणि पुढे एक शिर. ते चितूचे होते. वाघाने त्याला मारले होते.