थेट क्रीडा प्रक्षेपण आणि प्रेक्षकाचा हक्क : दूरदर्शन ते स्ट्रीमिंग सेवा (१९८२–२०२५)

प्रस्तावना

क्रीडास्पर्धा घरबसल्या, त्याच क्षणी आणि परवडणाऱ्या खर्चात पाहता येणे ही आज अत्यंत साधी बाब वाटते. तथापि भारतात ही सोय केवळ तंत्रज्ञानाच्या प्रगतीतून निर्माण झालेली नाही. तिच्यामागे शासन, क्रीडा संघटना, खासगी प्रक्षेपण कंपन्या आणि न्यायसंस्था यांच्यातील दीर्घ संघर्षाचा इतिहास आहे. हा संघर्ष क्रिकेटच्या संदर्भात सर्वाधिक तीव्र झाला. म्हणून प्रस्तुत लेखात प्रामुख्याने क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाच्या आधारे प्रेक्षकाच्या हक्काची वाटचाल तपासण्यात आली आहे.

दूरदर्शनची मक्तेदारी

दूरचित्रवाणी सर्वदूर पोहोचण्यापूर्वी सामन्याचा थेट अनुभव देण्याचे कार्य आकाशवाणीने केले. महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट घराघरात नेले. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि प्रक्षेपण केंद्रांचे जाळे वेगाने विस्तारले. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला आणि क्रिकेट हा दूरचित्रवाणीचा सर्वात लोकप्रिय विषय बनला. या काळात प्रेक्षकाला दूरचित्रवाणी संच व अँटेना यांपलीकडे दरमहा वेगळा खर्च नव्हता. मात्र कोणता सामना दाखवावयाचा आणि तो केव्हा थांबवावयाचा, हे सर्वस्वी शासकीय यंत्रणाच ठरवीत असे.

१९९५ चा निकाल

१९९१ पासून उपग्रह वाहिन्या भारतात दिसू लागल्या आणि प्रक्षेपण हक्कांना बाजारमूल्य प्राप्त झाले. इंग्लंड संघाच्या १९९२-९३ च्या दौऱ्याचे हक्क भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या कंपनीस विकले. परिणामी स्वदेशातील सामने दाखविण्यासाठी दूरदर्शनला पैसे मोजावे लागले. नोव्हेंबर १९९३ मधील हिरो चषक स्पर्धेच्या वेळी हा वाद विकोपाला गेला. बंगाल क्रिकेट संघटनेने याच कंपनीस हक्क दिले होते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमान्वये प्रक्षेपणाचा अधिकार आपलाच आहे, अशी शासनाची भूमिका होती.

या प्रकरणात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल ऐतिहासिक ठरला. महाराष्ट्राचे सुपुत्र न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे प्रतिपादन केले. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळविण्याचा हक्कही अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तोवर संघटना आणि शासन यांच्यातील वादात गौण असलेला प्रेक्षक या निकालाने केंद्रस्थानी आला.

२००७ चा कायदा

शासकीय मक्तेदारी संपली, पण तिच्या जागी वर्गणी आकारणाऱ्या वाहिन्या आल्या. २००४ मधील भारतीय संघाच्या पाकिस्तान दौऱ्याचे हक्क टेन स्पोर्ट्सकडे होते. केबल नसलेल्या प्रेक्षकांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते सामने दूरदर्शनवरही दिसले. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत हाच पेच पुन्हा उद्भवला. नागपूरचा सामना दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट पाहता आला नाही. त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने प्रक्षेपणाची मुभा दिली.

याच पार्श्वभूमीवर प्रथम अध्यादेश आणि मार्च २००७ मध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचे थेट संकेत जाहिरातींविना प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक झाले. दूरचित्रवाणीवरील जाहिरात उत्पन्नाचा किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकास मिळण्याची तरतूदही करण्यात आली. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली आणि पुढे फ्री डिश या नावाने परिचित झालेली दूरदर्शनची मासिक शुल्करहित डीटीएच सेवा या कायद्यामुळे ग्रामीण व अल्प उत्पन्न गटातील प्रेक्षकांसाठी मोलाची ठरली.

तथापि या हक्काला मर्यादाही होत्या. देशाच्या संघाचे सामने हा या तरतुदीचा गाभा होता. २००८ मध्ये सुरू झालेली आयपीएल तिच्या कक्षेत आली नाही. तसेच २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे संकेत प्रसार भारतीच्या स्वतःच्या भूस्थित व डीटीएच जाळ्यांपुरतेच असल्याचा निर्वाळा दिला. केबलचालकांमार्फत ते पुढे देण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

स्ट्रीमिंगचे युग

२०१५ मध्ये हॉटस्टार आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा सुरू झाली. डेटाचे दर घसरले आणि सामना हातातील मोबाइलवर आला. २०२२ मध्ये आयपीएलचे २०२३ ते २०२७ या हंगामांचे दूरचित्रवाणी व डिजिटल हक्क स्वतंत्रपणे विकले गेले. दूरचित्रवाणीसाठी डिस्ने स्टारने २३,५७५ कोटी रुपये, तर मुख्यतः डिजिटल हक्कांसाठी वायकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपये मोजले. २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर विनामूल्य दाखविण्यात आला. त्याच वर्षी हॉटस्टारनेही विश्वचषकाचे सामने मोबाइलवर मोफत दिले. मात्र दोन्ही सेवा १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार या नावाने एकत्र आल्यावर वर्गणी पुन्हा आली. प्रारंभी केवळ मोबाइलसाठी तीन महिन्यांना १४९ रुपये असा तिचा दर होता.

ही रक्कम अनेक कुटुंबांना परवडणारी आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु २०२३ ची मोफत सेवा स्पर्धेतून जन्मली आणि स्पर्धक एक होताच ती संपुष्टात आली. २००७ च्या कायद्याने मिळालेली सोय आणि कंपनीने दिलेली सवलत यांतील मूलभूत भेद येथेच आहे. कायद्याने दिलेली सोय मागता येते. सवलत केवळ स्वीकारता येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, भारतीय प्रेक्षकाला स्वस्त थेट प्रक्षेपण तीन मार्गांनी मिळाले : प्रथम शासकीय मक्तेदारीतून, नंतर कायद्यातून आणि अखेरीस बाजारातील स्पर्धेतून. यांपैकी दुसरा मार्गच प्रेक्षकाला हक्कदार मानतो. परंतु त्या कायद्याची भाषा अँटेना व डीटीएच यांच्या काळातील आहे. सामना मोबाइलवर पाहणारी पिढी १९९५ च्या निकालातील तत्त्वाची वारसदार असली, तरी त्या तत्त्वाचे संरक्षण तिच्या पडद्यापर्यंत पोहोचलेले नाही. छतावर तबकडी असलेल्या घराला कायद्याने जे दिले, ते मोबाइलधारकालाही द्यावयाचे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा नसून सार्वजनिक हक्काचा आहे.