साथरोग, व्यापार आणि ‘भरपाई’ : कायद्यातील एका कंसाचा इतिहास

४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथीच्या रोगांचा कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला दिलेल्या व्यापक अधिकारांविषयी आणि त्या अधिकारांच्या वापरातून पुण्यात जे घडले त्याविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. त्याच कलमात कंसात घातलेल्या दोन-तीन शब्दांना मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष लाभले. साथ आवरण्यासाठी होणारा खर्च कोणी व कोणत्या रीतीने सोसावयाचा हे सरकारने ठरवावे, असे सांगत असता कायदा मध्येच पुस्ती जोडतो की, या खर्चात भरपाई, ती असल्यास, धरावी. प्रस्तुत लेखाचा विषय हा ‘असल्यास’ आहे. रोगामुळे ज्यांचा धंदा बुडाला त्यांचे शासन काय देणे लागते, हा प्रश्न त्या एका शब्दाने १८९७ साली मोकळा सोडला. तो पुढेही फारसा मिटलेला दिसत नाही.

ज्या परिस्थितीत हा कायदा झाला ती व्यापाराच्या दृष्टीने मोठी बिकट होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती; जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे ही साथ, हा संबंध शास्त्राला पुरता उमगण्यास अजून काही वर्षे अवकाश होता. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. पुढील काही महिन्यांत तीपैकी निम्म्याच्या आसपास लोक मुंबई सोडून गेले. गिरण्यांना मजूर मिळेना. महिना संपल्यावर, तोही बराच उशिरा, पगार देण्याची रीत बाजूला ठेवून मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली, आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ सुरू झाली. साथीने सर्वांचेच नुकसान केले असे आपण सहज म्हणतो. परंतु गावात टिकून राहिलेल्या गिरणीकामगाराची सौदा करण्याची शक्ती त्या थोड्या काळापुरती वाढली होती, हेही विसरता कामा नये.

सरकारची नजर मात्र समुद्राकडे होती. युरोपातील राष्ट्रे मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर व मालावर निर्बंध घालू लागली होती. कायदा संमत झाला त्याच फेब्रुवारीत व्हेनिस येथे प्लेगसंबंधीची आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थान सरकार रोगाचा कडक बंदोबस्त करीत आहे अशी युरोपची खात्री पटावी, ही निकड कायद्याच्या घाईमागे होती. वाचवावयाचा व्यापार म्हणजे निर्यातीचा व्यापार. भुलेश्वरातील किंवा बुधवार पेठेतील दुकानदाराचा व्यापार या हिशेबात आलाच नाही. त्याला ‘असल्यास’ या शब्दाने कोणताही हक्क दिला नाही. उलट चौथ्या कलमाने या कायद्यान्वये सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्यास मनाई केली. नुकसानीची भरपाई द्यावयाची की नाही हे सरकारच्या मर्जीवर, आणि न दिल्यास न्यायालयाची वाट बंद, अशी ही रचना होती.

येथे ‘भरपाई’ या मराठी शब्दाकडे किंचित वळणे उपयुक्त ठरेल. ‘भरणे’ आणि ‘पावणे’ या दोन क्रियापदांशी त्याचे नाते आहे. ‘भरून पावलो’ ही देवघेव पुरी झाल्याची पावतीवरील जुनी कबुली होय. आज ती केवळ कृतार्थतेचा किंवा उपरोधाचा उद्गार म्हणून उरली आहे. भरपाईच्या कल्पनेत एक देणेकरी व एक घेणेकरी गृहीत असतो, आणि रक्कम हाती पडल्यावर त्यांचा हिशेब संपतो. ‘तगाई’चे तसे नाही. शक्ती किंवा बळकटी या अर्थाच्या अरबी शब्दकुळातून आलेल्या या संज्ञेत शासन रयतेला उभे राहण्यास बळ देते, आणि दिलेले बळ पुढील पिकावर परत घेते. ‘सूट’ म्हणजे शासनाने आपले येणे सोडणे, तर ‘तहकुबी’ म्हणजे तेच येणे पुढे ढकलणे. महसुली व्यवहारात हे भेद शेतकऱ्यालाही नीट ठाऊक असत. अलीकडच्या ‘मदत’, ‘दिलासा’, ‘पॅकेज’ या शब्दांनी ते सर्व एकाच चादरीखाली झाकले आहेत, आणि ही केवळ शब्दांची हानी आहे असे मला वाटत नाही.

कारण हे भेद बाजूला सारून शासकीय अर्थसाहाय्याचा इतिहास कळत नाही. सरकार स्वतःच्या हाताने एखादी वस्तू घेते किंवा नष्ट करते तेव्हा भरपाईची भाषा येते; सरकारच्या हुकमाने किंवा रोगाच्या भयाने नुसता धंदा थांबतो तेव्हा कर्जाची. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शहर सुधार न्यासाने दाट वस्त्यांतील मिळकती संपादन केल्या, त्यांचा मोबदला द्यावा लागला. तेथे ‘असल्यास’ नव्हते. याहून स्पष्ट उदाहरण २००६ चे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये ‘बर्ड फ्लू’ आढळला. सरकारी पथकांनी ज्या कोंबड्या मारल्या त्यांची भरपाई दर कोंबडीमागे ठरलेल्या दराने देण्यात आली. पण ग्राहकाने भयाने कोंबडी खाणेच सोडले आणि देशभर भाव कोसळले, त्याचे काय? त्यासाठी एप्रिल २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले : कुक्कुटपालकांच्या थकलेल्या हप्त्यांचे व व्याजाचे मुदतीच्या कर्जात रूपांतर करावे, व्याजाचा चार टक्के भार केंद्र शासन सोसेल. एकच रोग, एकच वर्ष, एकच धंदा. परंतु मेलेल्या कोंबडीला भरपाई आणि न विकल्या गेलेल्या कोंबडीला तहकुबी.

२०२० साली हीच विभागणी साऱ्या देशाला लागू झाली. २७ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देऊ केली व पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे अनेक कर्जदारांना व्याजावर व्याज चढलेले पाहिल्यावर कळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते चालू असतानाच केंद्र शासनाने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व सरळ व्याज यांतील सहा महिन्यांचा फरक देण्याचे ठरविले, आणि त्या देण्याला ‘सानुग्रह’ हे विशेषण लावले. अनुग्रह म्हणजे कृपा. हक्काने मागता येणार नाही असेच देणे या शब्दातून सूचित होते. २३ मार्च २०२१ च्या निर्णयात न्यायालयाने दोन कोटींची मर्यादा काढून टाकली. मात्र संपूर्ण व्याजमाफीची आणि स्थगिती वाढविण्याची मागणी अमान्य केली.

१३ मे २०२० रोजी घोषित झालेली तीन लाख कोटी रुपयांची तातडीची पतहमी योजना ही या काळातील सर्वांत मोठी तजवीज होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्या उद्योगाकडे जितके कर्ज येणे होते त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, चार वर्षांची मुदत, पहिले वर्ष मुद्दलाला सूट, आणि शंभर टक्के हमी शासनाची. हमी मिळाली ती बँकेला, हे ध्यानात घ्यावे. ज्या दुकानदाराने कधी बँकेचे कर्ज काढलेच नव्हते, त्याच्या शून्याचे वीस टक्के शून्यच. फेरीवाल्यांसाठी १ जूनपासून दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची वेगळी योजना आली; तीही कर्जाचीच, व्याजात सात टक्के सवलतीसह. बुडालेल्या हंगामाचा तोटा अशा रीतीने त्याच व्यापाऱ्याच्या पुढील हंगामांवर टाकला जातो. रोख रक्कम हातात खेळती राहिल्याने अनेक उद्योग तगले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तगाई ती तगाईच.

याला एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. धंदा हुकमामुळे किती बुडाला आणि रोगाच्या भयाने किती, हे वेगळे कसे करावे? हुकूम नसता तरी ग्राहक आला असता काय? सर्वांचेच नुकसान झाले असता सर्वांची भरपाई शेवटी सर्वांच्याच करांतून होणार. ही अडचण केवळ आपल्या कायद्यापुढची नव्हे. जर्मनीच्या संसर्ग संरक्षण कायद्यात रोगसंशयावरून कामास बंदी झालेल्या व्यक्तीला भरपाईचा हक्क आहे. एका उपाहारगृहचालकाने त्याच आधाराने २०२० च्या सरसकट टाळेबंदीतील तोट्याची भरपाई मागितली असता तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १७ मार्च २०२२ रोजी ती नाकारली. एवढ्या व्यापक संकटाचा भार कसा वाटावा हे विधिमंडळाने ठरवावे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तात्पर्य, न्यायालयांनी प्रश्न विधिमंडळाकडे परत पाठविला, आणि आपल्या विधिमंडळाने २०२० मध्ये १८९७ चा कायदा दुरुस्त करताना भरपाईची कलमे घातली ती वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर व रुग्णालयांवर हल्ला करणाऱ्यांकडून वसूल करावयाच्या भरपाईची. तेथे आकडाही नेमका आहे : मालमत्तेच्या रास्त बाजारभावाच्या दुप्पट. दुसऱ्या कलमातील कंस होता तसाच राहिला.

महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये जे घडले ते या संदर्भात वेगळे पडते. १३ एप्रिल रोजी राज्य शासनाने पुढील पंधरवड्याचे कडक निर्बंध जाहीर केले, आणि त्याच घोषणेत नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक व बांधकाम मजूर यांना प्रत्येकी पंधराशे रुपये देण्याचेही सांगितले. बंदीचा हुकूम आणि बंद पडणाऱ्याच्या हाती द्यावयाची रोख रक्कम एकाच घोषणेत यावी, ही गोष्ट लहान नव्हे. हे कर्ज नव्हते, सूट नव्हती, तहकुबीही नव्हती. रक्कम तुटपुंजी होती, आणि ज्याचे नाव नोंदवहीत नव्हते त्या फेरीवाल्यापर्यंत ती पोहोचण्याची सोय नव्हती. निर्बंध ज्या कायद्यांच्या आधारे काढले गेले त्यांत १८९७ चा कायदाही होता. परंतु दिलेले पंधराशे रुपये त्याच्या कंसातील भरपाई म्हणून नव्हे, तर साहाय्य म्हणूनच दिले गेले.